महालक्ष्म्यांचं तोरण

गढा, जबलपूर
रविवार, १८ फेब्रुवारी २०२४

चि. मोहन यास इंदूकाकूचे अनेक आशीर्वाद.

तू पांढुर्ण्याला खुशाल असशील, तुझ्या आईचा गुडघा आता बरा असेल, असं धरून चालते. आम्ही इकडे ठीक. अंगणातल्या पपईला यंदा इतकी फळं लागली की खाऊन खाऊन विनता वैतागली. तुझा फोन लागतो, पण तू उचलत नाहीस. आणि उचललास तरी मी हवापाण्याचं बोलून ठेवून देईन, माझा मला भरवसा नाही. म्हणून पत्र.

आधी चांगली बातमी. मागच्या रविवारी भेडाघाटच्या वाटेवरच्या बंद खाणीत विनताने छोटं इंजिन पेटवलं. अकरा सेकंद चाललं! दुधाच्या पिशव्या, तेलाचे डबे, ग्वारीघाटावरून पोरांनी वेचून आणलेला कचरा. त्याचं तेल, आणि त्या तेलावर रॉकेटचं इंजिन. तुम्ही दोघं कॉलेजातून हे खूळ घेऊन घरी आलात तेव्हा मी म्हटलं होतं, कचऱ्याने चूल पेटवा आधी, मग रॉकेट. आता माझे शब्द मी परत घेते. कानात कापूस घालून लांब उभी होते, तरी छाती धडधडली.

पोरं नाचली. विनता मात्र घड्याळ बघत राहिली. तीस सेकंद हवी होती म्हणे, आणि बाराव्याला इंजिन खोकलं. "तेल साफ नाही," एवढंच बोलली. मोहन निवडायचा तसं कोणी निवडत नाही, हे ती बोलली नाही. मी तिची आई आहे, मला ते ऐकू आलं.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पैसा लावणारी बंगळुरूची तीच माणसं पुन्हा येणार आहेत. या वेळी तीस सेकंद झाली तर इथे तेल काढायची मोठी भट्टी उभी राहील. नाही झाली तर ते तिसऱ्यांदा येणार नाहीत, आणि तुमची चार वर्षं आमच्या मागच्या शेडमध्ये गंजत पडतील.

तुझा निळा टब अजून तिथेच आहे. त्यात एकेक तुकडा टाकून तू पोरांना शिकवायचास, "तरंगलं ते आपलं, बुडालं ते परकं. परक्याला पंगतीत बसवायचं नाही बरं का!" मी चहा घेऊन यायची तर माझ्या बांगड्यांकडेही संशयाने बघायचास.

आता लिहितेच. पपई, टब, चहा, किती वेळ घालवू?

महालक्ष्म्यांच्या डोक्यावरचं ते तोरण तुला आठवतं. प्लास्टिकच्या फुलापानांचं, खाली पाच पितळी घुंगरं. यांनी नागपूरला इतवारीतून आणलेलं. त्याच वर्षी हे गेले. एकोणीस वर्षं ते लागलं. मागच्या सप्टेंबरात महालक्ष्म्या उठल्या तेव्हा त्याचा रंग पार उडालेला, पानं कडक झालेली. म्हटलं, आता नर्मदेत सोडावं. घेऊन गेले, तर घाटावरचा नगर निगमाचा माणूस म्हणाला, "अम्मा, प्लास्टिक नहीं सिराना है नर्मदाजी में." चूक त्याची नव्हती. पण देवाची वस्तू, त्यातून यांच्या हातची, कचऱ्याच्या गाडीत टाकायला माझा हात धजेना. महिनाभर ते कपाटात राहिलं.

मग मला दुर्बुद्धी सुचली. बंगळुरूचे पाहुणे पहिल्यांदा यायच्या आदल्या दुपारी शेडमध्ये तुझी पोती बांधून तयार होती. तू जेवायला गेला होतास. मी एका पोत्याची गाठ सोडली, तोरण कात्रीने बारीक केलं, आत खाली दडपलं आणि तुझ्यासारखीच गाठ मारून दिली. मनात म्हटलं, याचं रॉकेटचं तेल होईल, देवाचं देवाकडे वर जाईल. हात जोडले, मोहन. खरंच जोडले. घुंगरं तेवढी काढून देवघरात ठेवली. पाचही निघाली असं वाटलं होतं. नंतर मोजली तर चार.

ती पानं तुझ्या त्या बुडणाऱ्या जातीची होती. मला काय ठाऊक, ती तापली की आम्लाची वाफ सुटते म्हणून! पाहुण्यांसमोर भट्टी पेटवली, आणि पुढचं तू पाहिलंस. सगळ्यांचे डोळे चुरचुरले, पाइपाचा जोड सुटला, पाहुणे नाकाला रुमाल लावून गाडीत बसले. आणि विनता त्यांच्या देखत तुझ्यावर ओरडली, "तू काय करून राहिला होता रे? एकच काम होतं तुला!"

तू म्हणालास, "पोतं माझं होतं. गाठही माझीच होती."

मी पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी पोहे गरम करायला आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तू बॅग घेऊन पाया पडायला आलास, तेव्हाही मी तुझ्या हातात चिवड्याची पुडी दिली आणि गाडी वेळेवर आहे का विचारलं. बाई साठी ओलांडते, पण पोरीच्या नजरेतून उतरायला भिते. दुसरं कारण नाही.

चार महिने असे गेले. या मंगळवारी नव्या मुलांसाठी तुझं टेबल रिकामं करत होते. खणात एक काड्यापेटी निघाली. आत कापसात गुंडाळलेलं घुंगरू, काळं पडलेलं. सोबत चिठ्ठी, तुझ्या अक्षरात, "भट्टीच्या राखेतून." पुढे काही नाही.

मी ते देवघरातल्या चारांशेजारी ठेवून पाहिलं. तीन वर्षं स्टुलावर चढून ते तोरण तूच बांधायचास. तुला ते ओळखू आलं नसेल असं कसं होईल? तुला सगळं माहीत होतं. तरी तू ते खणात ठेवलंस आणि माझ्या पाया पडून गेलास.

त्याच संध्याकाळी मी विनताला सांगितलं. ओरडेल वाटलं होतं. ती उठली, प्रयोगांची वही घेऊन आली. त्या दिवसाच्या पानावर 'निवडण्यात चूक, मोहन' असं लिहिलं होतं. तिने त्यावर आडवी रेघ मारली आणि पेन माझ्यापुढे धरलं. "तू लिही, आई. काय टाकलं, कधी टाकलं, काहून टाकलं." मी लिहिलं, खाली सही केली.  मग तिने डोळे पुसले. म्हणाली, "मी त्याला सगळ्यांसमोर बोलली ना गं." ती फोन करणार नाही. तोंड सुटायला आम्हां मायलेकींना वेळ लागत नाही. माफी मागायची तर दोघी कामं शोधतो.

मला शिक्षा झाली आहे. रोज नऊ ते अकरा तुझ्या टबापाशी बसायचं. काल एक गाळणी बुडाली, तर मी ती तीनदा टाकून पाहिली. पोरं हसतात. हसू देत. पण माझे डोळे आता पूर्वीचे नाहीत, आणि शिवरात्रीला एकोणीसच दिवस उरलेत.

ये, मोहन. माझ्यावर रागावून ये, पण ये. घुंगरू मी पुन्हा तुझ्याच काड्यापेटीत ठेवलं आहे. खाणीत सगळे जमतील, पाहुणेही असतील, तेव्हा इंजिन पेटवायच्या आधी ते तू माझ्या हातात दे. ते कुठून आलं हे मी सगळ्यांना सांगेन. या वेळी पोहे गरम करायला जाणार नाही.

तू येईपर्यंत तुझी जागा धरून बसलेली,
तुझी अपराधी
इंदूकाकू