हवेतल्या जागेचं गाऱ्हाणं

नाना,

त्या ऑफिसच्या दाराबाहेर काढून ठेवलेल्या तुमच्या चपला मला अजून दिसतात. दुबईतल्या बिल्डरचं ते चकचकीत ऑफिस. आत मधोमध काचेच्या पेटीत माझ्या होणाऱ्या इमारतीची प्रतिकृती ठेवलेली, तिच्यावर चारी बाजूंनी दिव्यांचा उजेड आणि समोर पांढऱ्या फुलांची परडी. तुम्ही उंबऱ्यापाशी थांबलात, आत एकवार बघितलंत आणि चपला काढल्यात. दारावरचा गणवेशातला माणूस आधी चपलांकडे, मग तुमच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. मी नजर चुकवली. नाना, तेव्हा मला लाज वाटली होती हे खरं, पण पुढे तासाभरात त्या चपलांचा अर्थ मला कळला, आणि त्यानंतर आजतागायत मी कुठल्याही नव्या जागेत चपला घालून पाऊल टाकू शकलेले नाही.

खरं तर तो अर्थ तुम्ही मला आधीही एकदा सांगितला होतात, पण तेव्हा माझ्या डोक्यात तो शिरला नव्हता. अठ्ठ्याण्णव साल असेल. आई जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात आपण दोघंच. मी रत्नागिरीला मिरजोळ्याच्या एका कारखान्यात अकाउंट्सला लागले होते आणि तुम्ही आपल्या आंब्याच्या बागेला लागून असलेला कातळाचा तुकडा घेतला होतात. नुसता काळा दगड, त्यावर पावसाळ्यात गवत आणि उन्हाळ्यात काहीच नाही. सुरुंग लावून खड्डे मारायचे, त्यांत माती भरायची आणि कलमं लावायची, असा तुमचा बेत. संध्याकाळी बसमधून उतरून मी थेट तिथेच येते. तुम्ही गड्यांना घेऊन दगडी गडग्याच्या अलीकडे उभे आहात, आणि मी सरळ गडगा ओलांडून कातळावर जाऊन उभी राहते. तुमचा आवाज चढतो. "खाली उतर आधी. अजून विचारलेलं नाय त्याला." मी म्हणते, कुणाला? सातबारा आपल्या नावावर झाला की. त्यावर तुम्ही जे म्हणालात ते गड्यांनीही ऐकलं. "तलाठ्यान दिलान ती कागदावरची. पायाखालची ज्याची हाय त्याला नको विचारायला? शिकलीस ना गो तू?"

मग तुम्ही नारळ ठेवलात आणि गाऱ्हाणं घातलंत. इथल्या माझ्या पुण्याकडच्या मैत्रिणींना गाऱ्हाणं म्हणजे तक्रार एवढंच माहीत. जागेच्या राखणदाराशी उभ्या उभ्या बोलायचं, आम्ही कोण, कशाला आलो, काय मागतो ते सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला हजर असलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची, हे मी त्यांना कितीदा समजावलं आहे. साथ नसेल तर ते गाऱ्हाणं पोचत नाही, असं तुम्ही म्हणायचात. त्या दिवशी गडी खणखणीत आवाजात म्हणत होते आणि मी नुसते ओठ हलवत होते. तुमचं लक्ष होतं. रात्री चुलीसमोर कुळथाचं पिठलं ढवळताना तुम्ही एवढंच म्हणालात, "ओठांनी नाय चालत." आणि माझ्या पानात जास्तीचं तूप वाढलंत.

दुसऱ्या वर्षी मी दुबईला नोकरीला आले. तुम्ही आडकाठी केली नाहीत. रविवारी फोन, वर्षातून एकदा घरी, आंब्याच्या दिवसांत कुणाच्या तरी हाती पेटी, असं आपलं ठरून गेलं. लग्नाचा विषय तुम्ही दोनदा काढलात, मी दोनदा उडवून लावला आणि तिसऱ्यांदा तुम्ही काढलाच नाहीत. गावात लोक तुम्हाला काय काय विचारत असतील याची मला कल्पना होती, पण तुम्ही त्यातला एक शब्द फोनवर येऊ दिला नाहीत. मग दोन हजार तीनच्या सुमारास इथे परदेशी माणसांना स्वतःच्या नावावर घर घेता येऊ लागलं आणि ऑफिसात जो तो त्याच गोष्टी करू लागला. कुणी भाड्याने द्यायला घेत होता, कुणी दामदुपटीने विकायला. मी मात्र राहायला घेत होते. पाचव्या मजल्यावरचं छोटंसं घर, समुद्राच्या बाजूला गॅलरी, आणि एक जास्तीची खोली तुमच्यासाठी. तिथे म्हातारी व्हायचं असं मनाशी पक्कं होतं. बुकिंग करून आले आणि करारावर सही करायची वेळ आली तेव्हा हात अडला. मी एकुलती एक. मी इथे घर केलं म्हणजे त्या बागेत तुम्ही कायमचे एकटे, हे न कळण्याएवढी मी लहान नव्हते. तुमच्या तोंडून "होय" ऐकल्याशिवाय सही करायची नाही, असं मी ठरवलं आणि फोन केला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "जागा बघतो, मग सांगतो." जागा बघायला म्हणून तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलात.

विमानतळावर तुम्ही बाहेर आलात ते हातात कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी नारळाची शेंडी घेऊन. गाडीत बसल्यापासून तुम्ही काचेला नाक लावून होतात. इमारतींचं तुम्हाला फार काही वाटलं नाही, मोठ्या आहेत म्हणालात. पण समुद्रात भर घालून बेट तयार करताहेत हे दुरून दाखवलं तेव्हा गाडी थांबवायला लावलीत आणि खाली उतरून बराच वेळ उन्हात उभे राहिलात. वाळूचे फवारे उडवणाऱ्या त्या बोटी, आणि जिथे काल पाणी होतं तिथे आज जमीन. "समुद्रालासुद्धा कुळकायदा लावलान," तुम्ही पुटपुटलात, आणि मी हसले तरी तुम्ही हसला नाहीत. तुमच्या चेहऱ्यावर मी पूर्वी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. साठी उलटलेला माझा बाप तोंड उघडं टाकून बघत होता.

आणि मग ते ऑफिस. अनवाणी पायांनी तुम्ही प्रतिकृतीभोवती फेरी घातलीत, अर्थातच उजवीकडून. वाकून झाडं बघितलीत, गाड्या बघितल्यात, गच्चीवरची बोटाएवढी माणसं बघितलीत. "यात विहीर कुठं दिसत नाय," म्हणालात. तिथल्या मुलीला मी इंग्रजीतून विचारलं, तिने सांगितलं ते मराठीतून तुम्हाला सांगितलं, की इथे समुद्राचं पाणी गोडं करून नळाला सोडतात. तुम्ही मला ते पुन्हा सांगायला लावलंत. मग कोपऱ्यातल्या कूलरमधून एक पेला भरून घेतलात, पाणी उजेडाकडे धरून पाहिलंत, घोटभर प्यायलात आणि पेला तसाच हातात ठेवून उभे राहिलात. "समोर एवढा दर्या घेऊन मे महिन्यात आपण टँकरची वाट बघतो," असं काहीसं म्हणालात. उरलेलं पाणी तुम्ही टाकलं नाहीत, सगळं संपवलंत आणि त्या मुलीला नमस्कार केलात. तिनेही गोंधळून हात जोडले.

इमारतीची जागा शहराबाहेर होती. शुक्रवार असल्यामुळे काम बंद, तारेच्या कुंपणाचं फाटक नुसतं लोटलेलं. आत वाळू, लोखंडी सळ्यांचे ढीग आणि एक फलक. टॅक्सीचा ड्रायव्हर पेशावरकडचा, तुमच्याच वयाचा, पांढऱ्या दाढीचा माणूस होता. तो गाडीला टेकून उभा राहिला. तुम्ही विचारलंत, "तुझी जागा यातली खैची?" मी वर बोट दाखवलं. पाचवा मजला, समुद्राची बाजू. तिथे त्या घडीला निळं आकाश आणि एक घार होती. तुम्ही मान वर करून त्या रिकाम्या हवेकडे बघत राहिलात. मला वाटलं, झालं, आता म्हणणार की बाये, तुला फसवलंन. पण तुम्ही म्हणालात, "हवेतल्या जागेलापण मालक असंलच की," आणि चपला काढून पिशवीतला नारळ बाहेर काढलात.

परका मुलूख, इथले कायदे कडक, भर रस्त्याच्या कडेला पूजाबिजा केलेली कुणी पाहिली तर काय होईल याची भीती. नाना, नको, म्हणत मी तुमचा हात धरला. "पूजा नाय गो, बोलायचं हाय फकस्त," तुम्ही हात सोडवून घेतलात आणि गरम वाळूवर अनवाणी उभे राहिलात. मग अडलात. गावात तुम्हाला राखणदाराचं नाव ठाऊक असायचं, त्याच्या वडाची, पाषाणाची जागा ठाऊक असायची. इथे कुणाला हाक मारणार? तुम्ही ड्रायव्हरकडे वळून तुमच्या हिंदीत विचारलंत, इस जागे का रखवाला कौन? त्याने बोट आकाशाकडे केलं. "तो सगळ्यांचा," तुम्ही मला म्हणालात, "मी इथल्याला विचारतोय." आणि समुद्राकडे तोंड करून सुरुवात केलीत.

"बा म्हाराजा, तुजं नाव मला ठावं नाय." व्हय म्हाराजा, मी म्हणाले. "तू वाळूतला हायस का पाण्यातला, तेपण ठावं नाय. रत्नांग्रीसनं आलोय." व्हय म्हाराजा. या खेपेला ओठ हलवून चालणार नव्हतं, कारण साथ द्यायला दुसरं कुणीच नव्हतं. "ही माजी एकच लेक. हिला आय नाय." व्हय म्हाराजा. "हिचं लगीन मी केलं नाय, कुनाच्या हाती दिली नाय. आजवर मीच राखली. आता माजी राखण हितपर पोचत नाय." तुम्ही थांबलात. मी साथ द्यायला हवी होती. "म्हणून आजपासनं तुज्या पदरात घालतो. चुकलीमाकली तर सांभाळून घे. तिच्या वाटंला आडवं येईल त्याला बाजूला कर." वारा होता, दूर कुठेतरी पंप चालू होता, आणि तुम्ही माझ्याकडे न बघता साथीची वाट पाहत उभे होतात. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेव्हा मागून ड्रायव्हर म्हणाला, "आमीन."

तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत. मान हलवलीत, जशी गावात एखाद्या मानकऱ्याला हलवावी, आणि नारळ सळईवर फोडलात. एक कवड वाळूवर ठेवलीत, दुसरीतलं खोबरं आम्हा दोघांना वाटलंत. त्या माणसाने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि तिथेच खाल्लं. आम्ही तिघं त्या उघड्या वाळूत खोबरं चावत उभे होतो, आणि मला वाटत होतं की माझ्या आयुष्यात याहून मोठं काही घडलेलं नाही. मी जमिनीचे कागद पाहिले होते, नकाशे पाहिले होते. जागा कुणाच्या तरी स्वाधीन करतात हे ठाऊक होतं, पण माणूस जागेच्या स्वाधीन करतात हे मी पहिल्यांदाच पाहत होते आणि ते माणूस मी होते. मी तुमचा होकार मिळवायला तुम्हाला बोलावलं, आणि तुम्ही हजार कोसांवरून आलात ते माझ्यावरची तुमची राखण उतरवून ठेवायला. गाडीत बसताना तुम्ही म्हणालात, "कर आता सही. आणि ती जास्तीची खोली माझ्यासाठी ठेवू नको. बागेला कोण बघील? माझं गाऱ्हाणं तिथं घातलेलं हाय." यावर वाद घालायची माझी हिंमत झाली नाही.

तुम्ही घर बघायला उरला नाहीत. इमारत चौथ्या मजल्यापर्यंत आली होती तेव्हा बागेतल्या घरात झोपेतच गेलात. पुढच्या वर्षी किल्ली मिळाली. लोक तेव्हापासून सांगतात, चांगली गुंतवणूक झाली, विकून टाक आणि मोठं घे. मी हसून विषय बदलते. विकायचं म्हटलं तर तुम्ही मला ज्याच्या पदरात घातलंत त्याला काय सांगू? जास्तीच्या खोलीत माझी पुस्तकं आहेत, आणि खिडकीत एका कुंडीत तुम्ही लावलेल्या कलमाच्या कोयीचं रोप. फुटाहून वाढत नाही आणि मरतही नाही. आंबे मागू नका.

हे पत्र टाकायला पेटी कुठली, त्यामुळे ते इथेच राहील. एक गोष्ट मात्र सांगायची होती. किल्ली मिळाली त्या दिवशी मी चपला दाराबाहेर काढल्या, गॅलरीत नारळ ठेवला आणि स्वतःच गाऱ्हाणं घातलं, दर वर्षी घालते. दोन्ही बाजू मीच म्हणते, गाऱ्हाणंही आणि "व्हय म्हाराजा"ही, आणि शेवटी त्या ड्रायव्हरच्या वतीने आमीनसुद्धा. सुरुवातीला जिथे राखणदाराचं नाव घ्यायचं, तिथे तुम्ही अडला होतात. मी अडत नाही. मी तुमचं नाव घेते. असं चालतं की नाही, हे गावच्या गुरवाला मी अजून विचारलेलं नाही.