गाळलेल्या भेटी

७ जानेवारी २००८
आज नोकरीचा पहिला दिवस. नाशिकरोडला दोन खोल्यांचं ऑफिस, खिडकीतून ऊन छान येतं. मालक ललित हा आमच्या ह्यांच्याबरोबर एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामाला असलेल्या देवरामभाऊंचा मुलगा. वणीला येणाऱ्या भाविकांना मुक्कामाच्या खोल्या मिळाव्यात म्हणून त्याने वेबसाइट काढली आहे. मी आधीच सांगितलं, कॉम्प्युटर मी लायब्ररीतल्या पुस्तकावरून शिकले. तो म्हणाला, "मग काकू, इथे तुम्हीच सगळ्यांत जास्त शिकलेल्या." समोरच्या टेबलावरची ज्योत्स्ना खो खो हसली. संध्याकाळी देवळाली कॅम्पला हर्षालीला फोन केला. तिने तिथूनच जावयांना ओरडून सांगितलं, आई कॉम्प्युटरवाली झाली!

१० जानेवारी
काम समजलं. साइटवर कोण आलं, काय पाहिलं, याची यादी आपोआप तयार होते. पण त्यातल्या कितीतरी भेटी माणसांच्या नसतात. बॉट नावाचे प्रोग्रॅम पानं उघडत फिरतात. खोलीवाल्यांना खरा आकडा द्यायचा, म्हणून त्या गाळायच्या. ललितने ओळखायची खूण सांगितली. माणूस चुकतो, मागे जातो, फोटोवर रेंगाळतो. यंत्र ठरल्या वेळी येतं, तीच पानं त्याच क्रमाने उघडतं, काही विचारत नाही, निघून जातं. मी तसा नियम लिहिला. नियम लावला की खोट्या ओळी पडद्यावरून जातात. यादी स्वच्छ दिसते.

१४ जानेवारी
मी रोज सकाळी साइट तपासते. आज नियमाने त्या माझ्याच भेटी खोट्या ठरवल्या. ललित म्हणाला, "काकू, तुम्हीच बॉट निघालात की!" ज्योत्स्नाने ओळी पाहिल्या आणि म्हणाली, खरंच, काकू कुठे थांबतच नाहीत. ऑफिसच्या भेटी तशाही मोजायच्या नसतात. मी गाळून टाकल्या.

१७ जानेवारी
घरमालकीण गोजराबाईंकडे हळदीकुंकू होतं. त्यांनी प्रत्येक दाराशी जाऊन बोलावणं केलं. माझं दार सोडून. त्यात नवीन काही नाही, हे गेल्यापासून सवय आहे. ऑफिसात ज्योत्स्नाने तिळगूळ वाटला. ललितला दिला, पाणी भरणाऱ्या बाईला दिला, डबा बंद केला. तिळगूळ तर सगळ्यांनाच देतात. विसरली असेल.

२१ जानेवारी
जिन्यात गोजराबाई सरळ अंगावर आल्या. मीच भिंतीला चिकटले. सकाळी सकाळी विधवेचं तोंड नको, असं वाटलं असेल त्यांना. मला वाईट वाटलं नाही. दुपारी ललितने माझ्या खुर्चीवर फायली ठेवल्या. मी खुर्चीत बसले होते.

२३ जानेवारी
ललित फोनवर कोणाला तरी सांगत होता, काकू येईनाशा झाल्या, कळवलंसुद्धा नाही. मी समोर उभी. मोठ्याने हाक मारली. ज्योत्स्नाने जांभई दिली. मग नियम पुसायला गेले. कळा दाबल्या, सगळ्या दाबल्या. पडद्यावर अक्षर उमटलं नाही.
आणि मी समजत होते, विधवा म्हणून टाळतात.

२५ जानेवारी
हर्षालीला फोन लावते. ती हॅलो हॅलो म्हणते, ठेवते.
आज मुद्दाम रस्ता चुकले. मागे आले. पुन्हा चुकले. बिटको चौकात मधोमध उभी राहिले — रेंगाळले — रिक्षावाल्याने शिवीही दिली नाही.

२६ जानेवारी
हर्षाली आली आहे. गोजराबाईंनी खोली उघडून दिली. माझी साडी पोटाशी धरून बसली आहे, रडते आहे. मी तिच्या शेजारीच. पोटची पोर रडते आणि मला काही — आत काही हलत नाही. हलायला हवं. हललं तर कदाचित ती —
गोजराबाई विचारताहेत, आईची वाट बघायची की खोली रिकामी करतेस. हर्षाली साडीची घडी घालते, मोडते. ठरवायचं तिनेच.
हात धरलाय तिचा. घट्ट. हर्षे, इकडे बघ गं — बाळा —
ती डोळे पुसते. त्याच हाताने. माझा हात —
तोंड उघडलं तिने. म्हणते आहे की