वाळूतला केक आणि तुमचे धपाटे

सेलू,
फेब्रुवारी १९८७

तीर्थरूप आत्याबाईंच्या पायांवर सून मालन हिचं डोकं.

तुम्ही पूर्णेला लेकीकडं सुखरूप पोचलात, हे जावईपाहुण्यांनी गार्डाबरोबर पाठवलेल्या निरोपावरून कळलं. गुडघा कसा आहे? तिळाचं तेल इथंच कोनाड्यात राहिलं, तेव्हा कासाबाई वन्सकडचं मागून घ्यावं, संकोच करू नये. रेल्वेच्या क्वार्टरच्या पायऱ्या उंच आहेत, धरून उतरावं. इकडची म्हैस बरी आहे. मांजर तुमच्या बाजेवर झोपते. काल मी तिथली वाकळ झटकायला गेले तर तिनं माझ्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. तिलाही कळलेलं दिसतंय.

हे पत्र वन्स तुम्हाला वाचून दाखवणार, हे धरूनच लिहिते आहे. म्हणून वन्सना हात जोडून विनंती की पाहुणे ड्यूटीवर गेल्यावर वाचायला बसावं, आणि जे कंसात आहे ते मनातल्या मनात वाचावं. (वन्स, हे पहिलं कंसातलं. आत्याबाईंनी तुम्हाला काही सांगितलं नसणार. त्या सांगणाऱ्यातल्या नाहीत. पण त्या तुमची आठवण आली म्हणून आलेल्या नाहीत, माझ्यामुळं आल्यात. मला लाज वाटते म्हणून हे कंसात.)

तुमचे चिरंजीव ठीक आहेत. कापसाच्या जिनिंगमधून येतात, ताटातल्या माझ्या भाकरीकडं जिल्ह्याचा नकाशा बघावा तसे बघतात, आणि आई कधी येणार एवढंच विचारतात. पोरीला भेटून येते हे तुमचं म्हणणं त्यांना पटलं. मला पटलं नाही. तुम्ही न जेवता निघालात, म्हशीला येते म्हणालात, मला म्हणाला नाहीत. तुम्ही परत यावं म्हणून हे पत्र आहे. ते शेवटी लिहायचं असं ठरवलं होतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

वन्सना माझ्या पत्रमैत्रिणींचं प्रकरण माहीत नाही, म्हणून थोडं मागून सांगते. एका मासिकात पाककृतींच्या पानाखाली पाठवणाऱ्या बायकांचे पत्ते छापून यायचे. त्यातून आम्हा पाच-सहाजणींचं जमलं. कुणी बेळगावची, कुणी अकोल्याची, कुणी दादरची. एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही, पण कुणाची कढी फुटली आणि कुणाच्या लाडवानं कुणाच्या दिराचा दात हलला, हे सगळं सगळ्यांना ठाऊक. पत्रातला पदार्थ करपत नाही, खारट होत नाही आणि कुणी ताट बाजूला सारत नाही, हे त्यातलं सुख. पोस्टमनची सायकल दारात वाजली की आत्याबाई, तुम्ही ओसरीवरून हाक मारायचात, "आल्या बग तुज्या कागदाच्या बाया." मला राग यायचा. आता पोस्टमन येतो, पत्र टाकतो आणि जातो, हाक मारायला कुणी नाही.

ह्या सगळ्यांत नाशिकच्या नर्मदाताई म्हणजे आमच्या म्होरक्या. घरी ओव्हन नसला तरी पातेल्यात वाळू तापवून तिच्यावर केक भाजता येतो, हे त्यांनीच शिकवलं. अंड्याऐवजी दही आणि सोडा घालायचा, म्हणजे घर बाटायला नको. मी एकदा करून पाहिला होता. तो मधे बसला होता, पण पत्रात मी तो फुगलेला लिहिला. (वन्स, फुगवलं ते फक्त केकला नाही. नर्मदाताईंच्या सासूबाई पेटी वाजवतात आणि दुपारी इंग्रजी कादंबऱ्या वाचतात. हे वाचून मला काय झालं कोण जाणे, मी उलटटपाली लिहिलं की आमच्याही सासूबाई दुपारभर चष्मा लावून बसलेल्या असतात, पुस्तकातून मान वर काढत नाहीत. चष्मा खरा होता. तो लावून आत्याबाई तुरीच्या डाळीतले खडे वेचतात, तेवढं गाळलं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.)

तर नर्मदाताईंचं कार्ड आलं की नातवाच्या बारशाला हैदराबादला निघालोय, गाडी सेलूला थांबते, फलाटावर या म्हणजे एकदाची तोंडं दिसतील. मी आनंदानं लिहून टाकलं, केक घेऊन येते. कार्ड पेटीत पडल्यावर आठवलं की आपल्याला केक येत नाही.

त्या दिवशी सकाळचं तुम्हाला सांगायला नको, पण वन्सना कळायला हवं. वाळू पाहिजे होती. दुधना नदीवर जाऊन आणायला सवड नव्हती. रांजणाखाली तुम्ही माठ-रांजण गार राहावेत म्हणून घातलेली वाळू दिसली, बारीक, चाळलेली, जणू केकसाठीच तिथं येऊन बसलेली. मी घमेलं घेतलं आणि उपसली. तुम्ही ओसरीवर होतात. दोनदा तोंड उघडलंत आणि दोनदा मिटलंत. मला वाटलं, माझ्या केकला नावं ठेवायची असतील, पण लेक समोर आरसा धरून दाढी करतोय म्हणून गप्प आहात. तुमच्याबद्दल माझा अंदाज आजवर कधी बरोबर आलेला नाही, तसा तेव्हाही आला नाही.

पातेल्यात वाळू, वाळूवर कडं, कड्यावर डालड्याच्या डब्याचं बूड कापून केलेला साचा, वर झाकण. चुलीत पऱ्हाट्या घातल्या, त्या काय, कापसाच्या काड्याच, भडकल्या की थांबत नाहीत. वाळू ओली, त्यामुळं आधी वाफ निघाली. मग धूर निघाला. मग असा वास सुटला की भिंतीपलीकडच्या केवळाबाई शिंकायला लागल्या त्या नळाचं पाणी जाईपर्यंत शिंकत होत्या. हे अर्ध्या गालाला साबण लावलेले आत आले आणि म्हणाले, "तंबाखू कोण भाजायलंय?"

वन्स, तुम्ही आता दचकला असाल. आत्याबाईंनी तंबाखू सोडली, देवासमोर लेकाला शब्द दिला, हे तुम्हाला ठाऊक आहे. ती सोडून रांजणाखालच्या वाळूत ठेवली होती, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं. रोज त्याच रांजणातलं पाणी काढायची मी, पण खाली काय मुरतंय ते कधी दिसलं नाही. गारव्यानं पुडी मऊ राहते म्हणे. आत्याबाई, तुम्ही तेव्हा तुळशीकडं बघत बसलात, जसं काही तिला आजच पान फुटलंय. मी ह्यांना सांगितलं की सोडा जुना होता, त्याचा वास असाच येतो. ह्यांनी विश्वास ठेवला. हे एक काम त्या दिवशी माझ्या हातून बरं झालं. त्याच्या जोरावर बाकीचं माफ व्हावं असं माझं म्हणणं नाही.

केक झाला. वरून काळा, आतून पिवळा, आणि पान खाऊन आलेल्या माणसाच्या जवळ बसल्यावर येतो तसा वास. दुसरा करायला वेळ नव्हता. मी त्याच्यावर पिठीसाखर भुरभुरवली आणि रडले. तेव्हा तुम्ही चुलीशी बसलात, ज्वारीच्या पिठात बेसन, ओवा, लसूण कालवून धपाटे थापायला घेतलेत. तुमची पुडी मी जाळली होती आणि तुम्ही माझ्या पाहुणीसाठी धपाटे थापत होतात. म्हणालात, "गोडावर किती लांब जाईल ती बाई? पोटाला आधार नको का?" जवसाची चटणी बांधलीत, धडप्यात गाठोडं केलंत आणि माझ्या मागं मागं स्टेशनवर आलात. मी नायलॉनची साडी नेसले होते. तुम्ही पिठाच्या हातांनी तशाच आला होतात.

(वन्स, आता कंस उघडते तो मोठा आहे. गाडी आली. नर्मदाताई खिडकीतच होत्या, गोऱ्या, ठसठशीत, माझ्या नावानं हाका मारत. मी केकचा डबा आत दिला. त्यांनी हात हातात घेतला आणि पहिलंच विचारलं, सासूबाई नाही आल्या? त्यांना भेटायचं होतं हो, कुठलं पुस्तक वाचतायत सध्या? मी म्हटलं, त्यांना जरा बरं नाही, घरीच वाचत पडल्यात. मग त्यांनी माझ्या मागं बघितलं आणि विचारलं, ह्या कोण? आत्याबाई माझ्या खांद्याशी उभ्या होत्या. मिश्रीनं काळे झालेले दात, डोरल्याच्या ओझ्यानं नव्हे, उन्हातल्या कामानं वाकलेली मान, हातात गाठोडं. मी म्हटलं, ह्या आमच्याकडं कामाला असतात. वन्स, मी तुमच्या आईला असं म्हटलं. त्यांना ऐकू जाईल इतकं मोठ्यानं म्हटलं, कारण इंजिन ओरडत होतं आणि नर्मदाताईंना ऐकू जायला हवं होतं. पुढं आत्याबाई काय म्हणाल्या ते मला कंसातसुद्धा लिहवत नाही. घरी येताना त्या पुढं चालत होत्या आणि मी मागं.)

बाकी इकडं सगळं क्षेम. पोरांना गोड पापे, पाहुण्यांना नमस्कार. लोभ मागायला तोंड राहिलेलं नाही, तरी मागते.

तुमची सून,
मालन

ता. क. नर्मदाताईंचं हैदराबादहून कार्ड आलं. केक खाल्ल्यावर त्यांच्या यजमानांना थोडी चक्कर आली आणि मग फार तरतरी वाटली, त्यात कुठला मसाला होता असं त्या विचारतात. धपाटे अख्ख्या डब्यानं वाटून खाल्ले, नांदेड यायच्या आत गाठोडं रिकामं. त्या येत्या गुरुवारच्या गाडीनं परत निघाल्यात. ती गाडी पूर्णेला थांबून मग सेलूला येते. वन्स, त्या गाडीत आत्याबाईंना बसवून द्या. बायकांचा डबा नको, नर्मदाताईंचाच डबा बघा, खिडकीत ठसठशीत बाई दिसेल ती त्याच. खरं तर एवढ्याच एका गोष्टीसाठी हे पत्र लिहिलं, म्हैस आणि मांजर उगीच मधे आली.

आणखी एक ता. क. रांजणाखाली नवी वाळू भरली आहे, दुधनेवरून मी स्वतः आणली. चाळली, धुतली, ओली ठेवली आहे. तिच्यात उजव्या अंगाला काय पुरलंय, ते मी ह्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. केक पुन्हा करणार नाही, तेव्हा काळजी नसावी.

शेवटचं. वन्स, हे कंसात नाही. हे मोठ्यानं वाचा, शेजारच्या क्वार्टरमध्ये गेलं तरी चालेल. आत्याबाई, मी तुम्हाला कामाची बाई म्हटलं ते तुम्ही ऐकलंत. ऐकून तुम्ही डोक्यावरचा पदर नीट केलात, गाठोडं खिडकीतून आत दिलंत आणि नर्मदाताईंना सांगितलंत, "आमच्या बाईंच्या हातचे हायेत. गरम हायेत तवर खाऊन घ्या. लय गुणाच्या हायेत आमच्या बाई." मला. बाई. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तुम्ही भर फलाटावर माझ्या नोकर झालात आणि स्वतःचे धपाटेही मला देऊन टाकलेत. कार्डात नर्मदाताईंनी माझ्या हाताची चव वाखाणली आहे. मी ते कार्ड इतर कार्डांत ठेवलेलं नाही, कुठं ठेवावं ते कळत नाही. गुरुवारी त्या पुन्हा खिडकीतून विचारतील की ह्या कोण. उत्तर मी पाठ केलं आहे, म्हशीला म्हणूनही दाखवलं आहे. पण तुम्ही शेजारी उभ्या नसलात तर ते मी सांगू कुणाकडं बोट दाखवून?