साथीला सॉफ्टवेअर

१ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोज एक चाल. वर्षाला तीनशे पासष्ट. साडेतीनशे टाकाऊ धरल्या तरी पंधरा अजरामर उरतात. गेल्या अकरा वर्षांत एकही नवी चाल सुचली नाही, याला कारण मी नव्हे, साथ. काल मेव्हण्याने लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकून दिलं. कॉर्ड टाइप करायचे, स्टाइल निवडायची, की ड्रम, बेस, गिटार, व्हायोलिन सगळे एकदम हजर. आपण फक्त गायचं. मेव्हणा म्हणाला, नव्या कल्पना सुचायला बरं पडतं. माझ्याकडे कल्पना तुंबल्यात, हे त्याला कुठं माहीत.

२ मार्च
स्टाइल एकूण दोनशे बारा. चौतिसाव्यापर्यंत ऐकल्या. चाल नाही. आजचा दिवस अभ्यासाचा होता. चाली उद्यापासून.

५ मार्च, रविवार
ठेकेदार आला. ठेका धरतो म्हणून मीच ठेवलेलं नाव. बावीस वर्षं दर रविवारी तबला-डग्गा घेऊन माझे दोन जिने चढतो. त्याला मशीन ऐकवलं आणि स्पष्टच सांगितलं, तुझी लय अधूनमधून ढिली पडते. हे एका मात्रेनेही हलत नाही, शिवाय चहा मागत नाही. विनोद होता. तो हसला नाही.
"मग मी येऊ नको का?" म्हणाला.
म्हटलं, ये की, ऐकायला ये. त्याने डग्गा पुन्हा गवसणीत घातला आणि गेला. चहा तसाच. कलाकारांत असूया चालायचीच.

९ मार्च, दुकानात
लॅपटॉप माझ्या चष्म्याच्या दुकानात आणला. नंबर तपासताना गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम असते, समोरचं नीट दिसत नाही, उठून जाता येत नाही. असा श्रोता हॉलमध्ये मिळत नाही. एका निवृत्त पोस्टमास्तरांना गुणगुणून दाखवलं. कसं वाटतंय? म्हणाले, "आधीचंच बरं होतं." भिंगाबद्दल असावं.

१३ मार्च
चाली: शून्य. पण डोक्यात काहीतरी घोळतंय. सर्दीही असू शकेल.

१५ मार्च
बायको ३१ तारखेला रिटायर होतेय. चौतीस वर्षं नर्स, त्यातली शेवटची नऊ वॉर्डची इनचार्ज. हॉस्पिटलच्या हॉलमध्ये निरोप समारंभ. ठरवलं, तिच्यावर गाणं करायचं, तिथंच सादर करायचं. तिला सांगितलं. म्हणाली, "अहो, त्या दिवशी तुम्ही नुसते या. गाऊ नका. मला दोन शब्द बोलायचेत."
किती हा संकोच! गेले आठ दिवस ओट्यापाशी हातात कागद घेऊन पुटपुटत असते. कुकरच्या तीन शिट्ट्यांच्या जागी सात होतात. भाषणाची एवढी धास्ती घेतलेल्या बाईला गाण्याने आधारच मिळेल.

१९ मार्च, रविवार
ठेकेदार याही रविवारी नाही. एवढं मनाला लावून घ्यायचं? असो, शांतता लाभली. अकरा वाजता चाल सुचली! आतून आली, अंगावर काटा. मेव्हण्याला फोनवर गाऊन दाखवली.
"भावोजी, ही सॉफ्टवेअर उघडल्यावर वाजते ती डेमोची चाल आहे."
म्हणजे कंपनीचे लोकही दर्जेदार आहेत.

२४ मार्च
शब्द पूर्ण. सहा कडवी. पहिल्या तिन्हींत संगीतकाराची साधना, चौथ्यात बायको येते. मेव्हणा म्हणाला, ताईला जरा आधी आणता येईल का. रचना म्हणजे काय, ते त्याच्या गावी नाही.

२९ मार्च
तालीम पाच वेळा. पाचही वेळा मी दुसऱ्या कडव्याला श्वास घेतो तोवर मशीन पुढे गेलेलं. समोर माणसं असली की आपोआप जमेल.

१ एप्रिल, सकाळ
कालचं क्रमाने लिहितो, उगाच गैरसमज नकोत.
मेट्रनबाईंनी सुरुवातीला तीन मिनिटं दिली. मी पेटी उघडायची तसा लॅपटॉप उघडला, बटन दाबलं, डोळे मिटले. उघडले तेव्हा मुखडा निघून गेला होता. मी पहिल्या कडव्यात, मशीन दुसऱ्यात. गाठायला धावलो तर शब्द सांडले, आणखीच मागे पडलो. बायको यायची तिथं मशीनने ढाणकन शेवट केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझी तीन कडवी बाकी होती. कलाकाराने अर्धवट उठू नये. बिनसाथीची गायली, दोन पुन्हा घेतली.
तेवढ्यात ड्यूटी बदलायची वेळ झाली. नर्सेस वॉर्डकडे पळाल्या. मेट्रनबाईंनी घाईघाईने पुष्पगुच्छ दिला. बायको कागद घेऊन माइकपाशी गेली, तेव्हा समोर खुर्च्या गोळा करणारे दोघंच होते. एकाने विचारलं, बाई, माइक काढू ना? तिने कागदाची घडी घातली.
गाडीत तिने पुष्पगुच्छ मागच्या सीटवर टाकला. मग म्हणाली, "ठेकेदार थांबायचे तुमच्यासाठी. ढिली लय कसली हो, ते वाट बघायचे. दर रविवारी."
ही तांत्रिक बाब आहे, तिला कळणार नाही.
आज तो कागद केराच्या डब्यात दिसला. उघडून वाचला. सोळा ओळी. दोन पेशंट, लिफ्टवाला, पहिल्या मेट्रनबाई, तिचे वडील. मी कुठं येतो ते दोनदा पाहिलं.

२ एप्रिल, रविवार
ठेकेदाराकडे जाऊन आलो. इतक्या वर्षांत त्याच्या घरी जायची वेळ आली नव्हती. पत्ता बायकोकडून घ्यावा लागला. तिला पाठ होता. दार सुनेने उघडलं आणि कोण हवंय विचारलं. तो बाहेर आला.
"तुमचं मशीन बिघडलं का?"
पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हणाला. कालपर्यंत अरेतुरे होतं. कार्यक्रमानंतर मान वाढतोच.
म्हटलं, छे, उत्तम चाललंय.
"मग काय काम काढलंत?"
काम काही केल्या आठवेना. आतून पंख्याचा आवाज येत होता. तो दारात उभा, मी दारात उभा. शेवटी म्हणालो, तुझ्या चष्म्याचा नंबर बदलला असेल, सवडीने दुकानात ये, तपासून देतो. बरं म्हणाला. दार लागलं.
खाली रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं. तो चष्मा लावत नाही.