मानेखाली मी

५ जानेवारी, रविवार
दुकान बंद. यादी केली. माझ्या हातानं झालेल्या वस्तू: कॅमेऱ्याचं स्टँड, सायकलच्या नळीचं, वेल्डिंगसकट. सलाईनच्या नळीला दोन टोकांना दोन सिरिंजा. बारा फुटांवरून एक दाबली की दुसरीचा दट्ट्या कॅमेऱ्याच्या बटणावर पडतो. मांजरपाटाचे तीन पडदे, चहाच्या पाण्यात रंगवलेले. बाभळीची हातांची खुर्ची. आणि माझे स्वतःचे फोटो, तीनशे बारा. त्यातल्या तीनशेंवर डोकं दुसऱ्याचं. शिकवलं कुणी नाही.

७ जाने., मंगळ.
सौ.ला यादी वाचून दाखवली. म्हणाली, खुर्चीचा एक पाय आखूड आहे तेही लिहा. लिहिलं नाही. पाव इंच आहे. फोटोत दिसत नाही.

११ जाने., शनि.
पुण्याच्या के.बाई परत आल्या. फोटोंची प्रदर्शनं भरवतात. दिवाळीत नळदुर्गचा किल्ला बघायला आलेल्या, मेमरी कार्ड घ्यायला दुकानात शिरल्या आणि दोन तास बसल्या. आज सगळं नीट सांगितलं. माणूस गेला की घरचे येतात. हातात रेशन कार्डावरचा, नाहीतर लग्नाच्या घोळक्यातला, नखाएवढा चेहरा. भिंतीला पूर्ण माणूस पाहिजे, बसलेला, चांगल्या कपड्यांत. अंग आणायचं कुठून? मी बसतो. आधी चेहऱ्यावर उजेड कुठून आलाय ते बघायचं, तसाच अंगावर पाडायचा. बाकीचे एकच कोट सगळ्यांना चिकटवतात. माझी प्रत्येकासाठी नवी बैठक.
पन्नाशी लागल्यावर उलटं सुरू केलं. तेच कपडे, तीच बैठक, चेहरा माझा. बारा झाले. बाईंना बारा जोड्या पाहिजेत: भिंतीवरचा माणूस आणि शेजारी मी. खाली माझं नाव. आजवर नाव कुठंच नाही. कोपऱ्यात शिक्का मारतो, तो फ्रेमखाली जातो.
घरच्यांची लेखी संमती मात्र आणायची.

१९ जाने., रवि.
अकरा घरं झाली. अंग माझं हे सगळ्यांना ठाऊकच होतं, कुणाचं काही म्हणणं नाही. एका म्हाताऱ्यानं सही करता करता विचारलं, “मग श्राद्धाला निम्मं ताट तुमचं का वो?” त्याची सून आतून हसली. चहा सगळीकडं गोड, नको इतका.
उरलं अणदूरचं घर.

२३ जाने., गुरु.
अणदूर. अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हा फोटो करायला त्यांचा मुलगा दत्ता आला होता, भागाबाई कधी दुकानात आल्या नाहीत. सत्तरीच्या असतील. चहा दिला. मी कप धरलेल्या हाताकडं बघत राहिल्या. माझी डावी करंगळी वाकडी आहे, अकराव्या वर्षी रसवंतीच्या चरकात सापडली.
“तुमचं डावं व्हय? आमच्या ह्यांचं उजवं.”
मग सगळं सांगितलं. बैल उधळला, कासरा करंगळीला गुंडाळलेला, सोडवेपर्यंत बोट फिरलं. हाड बसवणाऱ्याकडं नेलं, त्यानं उलटंच बसवलं. भिंतीवर अण्णा, खुर्चीच्या हातावर उजवा हात, करंगळी वाकडी.
मला आठवलं. अण्णांच्या चेहऱ्यावर उजेड उलट्या बाजूनं होता, म्हणून माझ्या अंगाचा फोटो आरशातल्यासारखा उलटवला होता. डावा हात उजवा झाला.
कागद खिशातच राहिला.
दत्ता रस्त्यापर्यंत आला. म्हणाला, अण्णांचं बोट सरळच होतं. फोटो लागल्यावर वर्षा-दीड वर्षानं आईनं कासऱ्याचं सुरू केलं. आधी घरातले तिला दुरुस्त करायचे, मग सोडून दिलं. रोज सकाळी काचेवरून त्या बोटाला हात लावते, मगच कामाला लागते.
“द्या, म्या करतो सही. पुण्यातलं तिला कशाला कळतंय?”
केली. घेतली.

२४ जाने., शुक्र.
सगळे फोटो काढून तपासले. दोनशे नव्याण्णवांत करंगळी मुठीत किंवा उपरण्याखाली. एकातच उघडी. त्या दिवशी उजेडाच्या नादात बोटाकडं लक्ष गेलं नाही. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

२ फेब्रु., रवि.
बारा जोड्या बाईंना पाठवल्या होत्या. फोन आला. प्रदर्शनाच्या पत्रिकेवर अण्णांचीच जोडी घेणार. त्यांचं उजवं बोट, शेजारी माझं डावं, सगळं काम तिथं आहे म्हणे. तीनशेंत जो चुकला तोच.
पत्रिका म्हणजे मोबाईलवर फिरणार. अणदूरला पोचायला अर्धा दिवस. दत्ताची पोरगी सोलापुरात कॉलेजला आहे, तीच आजीला दाखवील, कौतुकानं.
म्हटलं, ती सोडून अकरा घ्या. बाई म्हणाल्या, ती नसेल तर बाकीच्या अकरांना धरून ठेवणारं काही नाही.

९ फेब्रु., रवि.
अण्णांची बैठक परत घेतली, करंगळी लपवून. सौ. दारात उभी. “रोज स्वतःचेच फोटो. स्थळ बघताय का काय?” चौदा काढले. उजेड बरोबर, मान बरोबर. फोटोत काही नाही. बाईंचं खरं आहे, हे इथंच लिहितो, त्यांना सांगणार नाही.
भागाबाईंकडं जाऊन सांगावं का? कसं सांगायचं? तुमच्या मालकाचं बोट

१३ फेब्रु., गुरु.
सकाळी अकराला बाईंना फोन केला. अण्णांची जोडी देणार नाही म्हणालो. कारण विचारलं. खासगी आहे म्हणालो. महिनाअखेरपर्यंत थांबते म्हणाल्या. दत्ताची सही ड्रॉवरमध्ये आहे, फाडलेली नाही.
नोंद म्हणून, बाईंनी देऊ केलेलं: बारा जोड्या, पुण्यात महिनाभर, प्रत्येकीखाली माझं पूर्ण नाव, नंतर कायमच्या त्यांच्याकडं. दोन लाख चाळीस हजार रुपये.