ग्रिडच्या कडेवरचा किडा

रावेर,
३ डिसेंबर २०२४

रिद्धी,

तू बरी असशील असं लिहिणार होतो, पण तुझे अकरा मेसेज वाचलेत. बरी नाहीस. इथे आबांचं केळीचं पॅकिंग चालू आहे. दिवसभर खोकी भरतो, दमतो, झोपतो.

सगळ्यांना वाटतं, मी सरांच्या टेबलावर फाईल आपटली तेव्हा माझं कॉलेज सुटलं. तसं नाही. त्याच्या वीस मिनिटं आधी तू जर्नलवर सही घ्यायला गेलीस आणि मी तुझ्या खुर्चीवर बसलो. बदललं ते तिथेच.

आपला स्क्रीनवरच्या चौकोनांच्या ग्रिडचा प्रोजेक्ट. दगड, फूल, किडा यांचे क्लास, म्हणजे प्रत्येकाचा कोड, माझे; त्या सगळ्यांनी पाळायचा करार, तो इंटरफेस, तुझा. चौकोनात कोणीही बसो, पाळी आली की उत्तर द्यायचं. कसं, ते ज्याचं त्याने ठरवायचं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "रिद्धीने केलं काय? दोन ओळी."

"प्रेमराजभाऊ, त्या दोन ओळी काढ आणि तुझा ग्रिड चालवून दाखव."

त्यातलं 'भाऊ' मला फार लागलं.

परवा मी केळीवरच्या किडीचा, मावा नावाचा, नवा क्लास लिहिला. बाकी कशालाही हात न लावता तो ग्रिडमध्ये बसला. आपल्यातलं अवघड काम कोणी केलं होतं, ते तेव्हा कळलं.

प्रॅक्टिकलला ज्याने त्याने स्वतःचा किडा लिहायचा होता. तुझा ग्रिडच्या कडेला गेला, वळला नाही, स्क्रीन लाल अक्षरांनी भरली. बाहेरचे परीक्षक म्हणाले, "मॅडम, तुमचा किडा घर सोडून पळाला."

"सर, मी अट लिहिली होती."

"मग खाल्ली कोणी?"

वर्ग हसला. मी फाईल आपटली. तू मेसेजमध्ये लिहिलंस, 'माझ्यासाठी भांडलास.'

रिद्धी, पुढचा चौकोन ग्रिडमध्ये आहे का, हे बघणारी ती ओळ मी काढली. त्या दिवशी सकाळी तू वर्गातल्या मननला तोच किडा दाखवून हसत होतीस. त्याच्यासमोर तुझी फजिती व्हावी, एवढंच डोक्यात होतं. दुसऱ्या सेमिस्टरपासून तू मला आवडतेस. ते सांगायची हिंमत नव्हती, हे करायची झाली.

फोनवर चारदा टाइप केलं, चारदा पुसलं. म्हणून कागद.

काल तू लिहिलंस, 'मला प्रोग्रॅमिंग जमत नाही, परीक्षेचा फॉर्म भरत नाही, पप्पांच्या दुकानात बसते.' उद्या शेवटची तारीख आहे. तुला जमतं. तू चुकलीच नव्हतीस.

आत्ता धुळ्याला निघतोय. आधी कॉलेजात आपल्या सरांना सगळं सांगतो, त्यांना काय करायचं ते करू दे. मग देवपूरला तुमच्या दुकानात येऊन हे पत्र तुझ्या हातात देईन आणि जाईन. माझ्याशी बोललीच पाहिजेस असं नाही. फॉर्म भर.

बाहेरून आबा ओरडताहेत, "ट्रक लागला, कुठे चालला रे?"

"कॉलेजात," म्हटलं.

पत्राची घडी घालतो, दार ओढून घेतो.

'तुझा' लिहायचं धाडस नाही. नुसता,
प्रेमराज