फलाटावर राहिलेली सून

चिंचखेडे,
आषाढ वद्य पंचमी

प्रिय सूनबाई,

तुला पत्र लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ. सासऱ्यानं सुनेला थेट पत्र लिहावं अशी आपल्याकडे रीत नाही, म्हणून मायना काय घालावा यातच सकाळ गेली. तू धुळ्याला, देवपूरच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेली आहेस. हे पत्र दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही, या भरवशावर लिहितो आहे.

इकडे पेरण्या आटोपल्या. खळ्याकडच्या तुकड्यात कपाशी चांगली उगवली आहे, नाल्याकाठची थोडी विरळ आहे. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या सासूचे गुडघे दुखतात, तरी दळण दुसऱ्या कुणाला देत नाही. तू लावलेल्या तुळशीला मीच पाणी घालतो. आंघोळ झाली की मारुतीच्या देवळात जातो, परत येताना तांब्यातलं उरलेलं पाणी तिला घालतो. ती चांगली वाढली आहे.

छोटी गाडी आता रोज आपल्या गावावरून जाते. चैत्रात ती पहिल्यांदा आली तेव्हा सगळं गाव रुळांवर होतं, ते तू पाहिलंच आहेस. इंजिनाला हार घातला, नारळ फोडला, बायकांनी त्याला हळदकुंकू लावलं, आणि त्यानं शिट्टी दिली तशी त्याच बायका काट्याकुट्यातून पळत सुटल्या. तुझी सासू त्यांत पुढे होती. पाचोऱ्याहून निघणारी गाडी इतकी वर्षं दोन ठेसनं अलीकडे थांबायची, ती वाढवून पुढे नेली, याचा मलाही आनंद झाला. पण वाढला तो रूळ, डबे होते तेवढेच राहिले. पूर्वी दोन गावांची माणसं बसायची त्या बाकांवर आता सात गावांची बसतात. बाजाराच्या दिवशी माणसं पायरीवर लोंबकळतात, कोंबड्यांच्या पाट्या बाकाखाली आणि पोरं बाकावरच्या फळीवर. बायकांचा डबा एकच. आणखी एक जोडावा म्हणून आम्ही चौघे जण रेल्वेच्या साहेबाला भेटून आलो. पुढच्या हंगामात बघू, असं तो म्हणाला.

आता त्या दिवसाचं. तुझ्या बाजूला काय झालं ते तुला ठाऊक आहे. माझ्या बाजूचं तुला कुणी सांगितलं नसेल, आणि सांगितलं असेल तर हसत सांगितलं असेल.

वैशाखातली आखाजी माहेरी करून सासुरवाशिणी परतायचे ते दिवस. लेकाला, झुलालला, जळगावच्या कापसाच्या जीनमधून सुटी मिळाली नाही, म्हणून तुला आणायला मी आलो. धुळ्याहून चाळीसगाव, चाळीसगावहून पाचोरा, इथवर नीट आलो. मी पुढे, तू मागे. पाचोऱ्याला छोट्या गाडीच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. तुला बायकांच्या डब्यापाशी सोडलं आणि मी पुढच्या डब्यात शिरलो. तिकिटं दोन्ही माझ्या बंडीच्या खिशात. डबा इतका भरला होता की माझी पगडी एकाच्या खांद्यावर आणि त्याची पिशवी माझ्या मांडीवर. गाडी हलली. तू चढली असशील असं मी धरून चाललो.

चिंचखेड्याला उतरलो आणि बायकांच्या डब्यापुढे जाऊन उभा राहिलो. गाडी दोन मिनिटंसुद्धा थांबत नाही. आतून ढकलाढकली चालली होती, त्यातून एक बाई गाठोडं घेऊन खाली आली. पदर तोंडावर, हिरवं लुगडं, लाल काठ. तुझ्या आईनं आखाजीला तुला तसंच घेतलं होतं, एवढं मी पाहिलं होतं. यंदा पारोळ्याच्या बाजारात सगळीकडे तोच माल आला होता, हे मला कुठून ठाऊक असणार? मी नेहमीसारखा वळलो आणि चालू लागलो. मागून जोडव्यांचा आवाज येत होता. सुनेकडे वळून पाहायचं नसतं, म्हणून मी पाहिलं नाही. तिलाही पदराखालून पुढच्या म्हाताऱ्याच्या टाचा तेवढ्या दिसत होत्या, आणि म्हाताऱ्यांच्या टाचा इथून तिथून सारख्याच भेगाळलेल्या.

घरी आलो. तुझ्या सासूनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, हौसेनं पदर वर केला आणि ओरडली, “ओ माय! ही कोनी वहू लई उनात तुम्ही?” कुणाची सून आणली ते मलाच ठाऊक नव्हतं, आणि ती पोर भोवताली बघून रडायलाच लागली. “हाई मनं घर नही,” हे आपलं घर नव्हे, एवढंच म्हणायची. तुझ्यापेक्षाही लहान असेल. पुढच्या ठेसनाजवळच्या रुपचंद पाटलाची सून निघाली, ढकलाढकलीत एक ठेसन आधीच उतरलेली. मी बैलगाडी जुंपली आणि तिला घेऊन निघालो, तर अर्ध्या वाटेत रुपचंद समोरून धावत येताना दिसला, पायात वहाणही नाही. त्यानंही तिचं तोंड कधी पाहिलेलं नव्हतं. माझ्याकडे, मग तिच्याकडे बघत तो विचारायला लागला, “हाईच का? हाईच का?” शेवटी तिनंच मान हलवली तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. परत येताना रतिलाल वाण्यानं दुकानातून हटकलं, “काय तोतारामभाऊ, नव्या गाडीत सून बदलून मिळते म्हणे?” दुकानातली माणसं हसली. मीही ओठ हलवले असतील. डोळ्यांपुढे पाचोऱ्याचा फलाट होता, आणि त्या फलाटावर नेमकं कोणतं तोंड शोधायचं ते मला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाचोऱ्याला पोचलो. तिथल्या रहीम हमालानं सांगितलं की एका बाईला डब्यात पाय ठेवायला मिळाला नाही, गाडी गेल्यावर ती संध्याकाळपर्यंत पाण्याच्या टाकीपाशी बसून होती. त्यानं घरी नेलं. त्याच्या बायकोनं, अकबरीनं, तुला आपल्याजवळ निजवलं आणि सकाळच्या गाडीनं स्वतः धुळ्याला पोचवलं. संध्याकाळी ती परतल्यावर मी तिच्या घरी गेलो, ओट्यावर बसलो, तिच्या हातचं पाणी प्यालो. गावात यावर थोडी कुजबुज झाली. देवळात दिवा लावताना मी त्या दोघांची नावं घेतो, हे आता गावाला माहीत आहे, म्हणून कुजबुज थांबली आहे.

तिथून देवपूरला आलो. तुझ्या वडिलांनी, चुडामणभाऊंनी, मला बसा म्हटलं नाही, आणि मला त्याचा राग नाही. चुडामणभाऊ म्हणाले, “तुमचा बैल चुकला तर शंभर बैलांत ओळखून आणाल. दोन वर्षं माझ्या पोरीच्या हातची भाकर खाल्ली, ती तुम्हाला ओळखता आली नाही. तिला कशाच्या भरवशावर पाठवू?” मी ओट्याखाली उभा होतो. तेवढ्यात दाराआड बांगड्या वाजल्या.

तो आवाज मी ओळखला, सूनबाई. पाचोऱ्याला गाडी हलताना माझ्या डब्याच्या खिडकीच्या गजावर अशाच बांगड्या वाजल्या होत्या. एकदा नाही, गाडीबरोबर धावत धावत वाजल्या होत्या. कुणी परकी बाई आपल्या माणसाला बोलावते आहे असं समजून मी तोंड दुसरीकडे फिरवलं. बाईमाणसाकडे टक लावून बघू नये, असं वडिलांनी शिकवलेलं. तू हाक मारली नाहीस, कारण सून सासऱ्याला हाक मारत नाही. तुझ्या आवाजानं मी वळलो असतो का, तेही सांगता येत नाही, कारण तुझा मोठ्यानं काढलेला आवाज मी कधी ऐकलेलाच नव्हता. हे मी झुलाललासुद्धा सांगितलेलं नाही.

झुलाल मागल्या आठवड्यात येऊन गेला. तो माझ्याशी फार बोलला नाही. जळगावातच मेहरूणला, तलावाकडे एक खोली बघतो आहे, तुला तिथेच न्यावं असं त्याच्या मनात आहे. तुझी सासू रोज विचारते की वहू येणार का. मी उठून गोठ्याकडे जातो.

गावानं या घोटाळ्यावर एक उपाय काढला आहे. आता जो तो आपल्या घरच्या बाईच्या गाठोड्याला रंगीत चिंधी बांधतो. आमच्या आळीची पिवळी, पाटलांची निळी. जीनमध्ये कापसाच्या गाठींवर व्यापाऱ्यांच्या खुणा असतात, तसंच. उतरवून घेणारा आधी चिंधी बघतो आणि मग चालू लागतो. तुझी सासू माझ्या हातात पिवळी चिंधी देऊन म्हणाली, आणायला जाल तेव्हा ही बांधा. मी ती घेतली, आणि परवा कालवडीच्या गळ्यात बांधून टाकली. कालवड अजून नवी आहे, चरायला सोडली की कळपात ओळखू येत नाही.

हे पत्र लिहायचं कारण एवढंच की श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी देवपूरला येणार आहे. घ्यायला म्हणून नव्हे, विचारायला. तुला मेहरूणला राहायचं असलं तर मी स्वतः तुला तिथे पोचवीन, आणि तुझ्या सासूला समजावणं माझ्याकडे. इथे यायचं असलं तर माझ्यापुढे तोंडावर पदर घेऊ नको. तुझ्या वडिलांसमोर मी तुझ्याकडे नीट पाहीन, जसं एखाद्यानं आपल्या लेकीकडे पाहावं. पाचोऱ्याला गर्दी असेलच, डबा अजून वाढलेला नाही. तू आधी चढशील, मग मी. आणि उतरल्यावर डब्यापुढे उभा राहून मी तुझं नाव घेऊन हाक मारीन. नाल्याकाठच्या शेतात कुणी नसताना मी ते मोठ्यानं म्हणून पाहिलं आहे. पहिल्यांदा अर्धंच निघालं, आता येतं. सुंदर. सुंदरबाई नाही, सुंदर. तूही हाक मार, बांगड्या वाजवत बसू नको. नुसतं आबा म्हटलंस तरी चालेल, पण इतक्या मोठ्यानं म्हण की सगळा डबा वळून बघेल. त्यात मीही असेन.

तुझाच, आणि वळून बघायला तयार असलेला,
आबा